पंचफुलाआक्कानं दिलेला शब्द

रेणापुरात पंचफुलाआक्काला घरात बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती एक तर रानात असायची, नाही तर रानाच्या वाटेवर. खुरपायला, काढणीला कुणीही बोलावलं तरी ती जायची, पण बोलावलेल्या रानात सरळ कधी पोचायची नाही. मधे एखादी चिंच लागायची, कुणाचा पेरू लागायचा, कुणाच्या सुनेचं माहेराहून आलेलं लुगडं बघायचं राहिलेलं असायचं. मालकीण ओरडली की ही म्हणायची, "सरळ यायला मी काय एसटी हाय? आन् एसटी तरी कुठं सरळ येती, ती बी फाट्याला वळतीच की."

लहान वयात तिला भोकरच्या बाजूला दिली होती. पहिल्या संक्रांतीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. मारहाण नव्हती, सासूही बरी होती. तिच्या आईनं, पारूबाईनं, खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "माणूस लई चांगला हाय. पण बोलतच न्हाई. सकाळी हां म्हणतो, सांजच्याला हूं म्हणतो. मधल्या दिवसाचं मी काय करू?" पारूबाई चार दिवस रुसली, मग हसली, आणि तो विषय तिथंच मिटला. पुढं पारूबाई गेली. धाकटा भाऊ साहेबराव तेव्हा शाळेत होता. बहात्तरच्या दुष्काळात पंचफुलाआक्कानं सडकेच्या कामावर खडी फोडली आणि त्याची शाळा चालू ठेवली. तो शिकला, उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीत कारकून झाला आणि नांदेडच्या विशाखाशी त्याचं लग्न झालं. विशाखा शाळेत शिकवायची. पोरगी गुणाची, सावकाश बोलणारी. आवाज म्हणून कधी चढवायची नाही.

ब्याऐंशी साली उस्मानाबादचा तुकडा पाडून लातूर जिल्हा झाला आणि त्याच दिवसांत विशाखाला माहेरी, नांदेडला, मुलगी झाली. साहेबरावाची बदली नव्या जिल्ह्यात. कपाटं, टेबलं, दप्तरांचे गठ्ठे ट्रकमध्ये घालून इकडून तिकडं न्यायचे होते आणि साहेबांनी ट्रकच्या पुढच्या सीटवर नेमका यालाच बसवलं. त्यामुळं बाराव्या दिवसाचं बारसं हुकलं. बाप नाही, आत्या नाही, तर नाव कोण ठेवणार? घरच्यांनी ठरवलं की आता वैशाखी पौर्णिमेलाच, सावकाशीनं, रेणापुरात करू.

जिल्हा झाला तसं लातूरला खोली मिळेना. अख्ख्या कचेरीची माणसं खोल्या हुडकत फिरत होती. साहेबरावानं हात टेकले. विशाखानं रेणापूरच्या शाळेत बदली करून घेतली आणि दिवाळी झाल्यावर ती बाळाला घेऊन नणंदेच्या घरी आली. साहेबराव एसटीनं लातूरला जाऊन येऊन करायला लागला.

पाऊस त्या वर्षी तोंड दाखवून गेला तो गेलाच. रेणा नदी भादव्यातच गोट्यांची झाली. मूग, उडीद फुलातच वाळले. कुणाच्या रानात काम नव्हतं, म्हणून कुणी बोलावत नव्हतं. पंचफुलाआक्काच्या हाताला काम नाही आणि काखेला मात्र तीन महिन्यांची गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची पोरगी, अशी गत झाली. एवढं सुख तिच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं.

विशाखानं पहिल्याच दिवशी शाळेत जाताना सांगितलं, "आक्का, हिला उन्हात नेऊ नका. वाऱ्यात नेऊ नका. आणि कुणाच्याही हातात देऊ नका."

"न्हाई नेत," पंचफुलाआक्का म्हणाली. विशाखा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग पोरीला टोपडं घातलं, वरून आपल्या पदरानं झाकलं आणि बाहेर पडली. ऊन कोवळं होतं, ते काही ऊन नव्हे. वारा पडलेला होता. राहिला प्रश्न कुणाच्या हातात देण्याचा, तर ते तिनं पुढं बघू म्हणून ठेवलं.

गावाबाहेर कोंडाबाईची बोर होती. गोड बोर म्हणून पंचक्रोशीत नाव. भोवती काट्यांचं कुंपण आणि आत हातात काठी घेऊन खुद्द कोंडाबाई. ही कोंडाबाई बहात्तरला पंचफुलाआक्काच्याच ढिगावर खडी फोडायला होती. तेव्हापासून दोघींची मैत्री आणि तेव्हापासूनच भांडण.

"कोंडे, पोरीला बोर दाखवायला आणली," पंचफुलाआक्का कुंपणापाशी उभी राहून म्हणाली.

"एवढ्याशा लेकराला बोर?"

"दाखवायला म्हणलं. खायाला मी हाय की."

कोंडाबाईनं काठी खाली ठेवली, पोरीला घेतलं, तिच्या गालाला बोट लावलं. पोरगी तिच्या नाकातल्या फुलीकडं बघून खुदकन हसली. कोंडाबाईचा चेहरा उतरला. "आमच्या घरी तीन नाती हायत," ती म्हणाली. "एक स्वीटी, एक पिंकी, आन् तिसरीचं तर मला बोलताच येत न्हाई. माझं नाव ठिवा म्हणलं तर सुना हसल्या. म्हणत्यात, कोंडा म्हणजे चाळणीत राहतो त्यो."

पंचफुलाआक्काच्या तोंडात तेव्हा दोन बोरं होती, एक या गालात, एक त्या गालात. ती म्हणून गेली, "मग आमच्या पोरीचं ठिवते की. मी आत्या हाय. नाव ठिवायचं माझ्या हातात हाय."

"खरं?"

"खरं म्हणजे? शब्द हाय."

पोरीला आत्याकडं देऊन कोंडाबाई उठली. आजवर तिनं स्वतःच्या नातवांनासुद्धा झाडाला हात लावू दिला नव्हता. तिनं काठीनं फांदी झोडपली, खाली पडलेली पिकली पिकली बोरं निवडली आणि पंचफुलाआक्काच्या पदराचा ओटा भरला. परत येताना पंचफुलाआक्काला जरासं टोचल्यासारखं झालं. पण पौर्णिमा लांब होती आणि बोरं फार गोड होती.

दुपारी विशाखा पोरीला पाजायला आली. तिला टोपड्यात कुसळ सापडलं.

"आक्का, हे कुठून आलं?"

"वाऱ्यानं. ह्या साली वारा लई सुटलाय बघ."

"मग वाऱ्यात कशाला नेलंत?"

"वाराच घरात आला, बाई. त्याला कोण अडवणार?"

विशाखानं कुसळ उचलून बाहेर टाकलं आणि आणखी काही विचारलं नाही. ती एवढ्यावर थांबली याचा अर्थ पंचफुलाआक्कानं आपल्या सोयीनं लावला. त्या दिवसापासून फिरणं रोजचं झालं. सकाळी कोवळ्या उन्हात नदीच्या कोरड्या पात्रातून, सांजच्याला बांधाबांधानं. पोरीला रान आवडायचं. होला घुमला की ती मान वळवायची. करडईच्या पिवळ्या फुलाकडं बघून हातपाय झाडायची. घरात रडत असली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गप्प. "माझ्यावर गेलीय," पंचफुलाआक्का भेटेल त्याला सांगायची, आणि भेटेल त्याला वाटेत थांबवायचीच.

मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस आली. येळवशीला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही. अख्खं गाव रानात जातं, कडब्याची झोपडीवजा कोप करतं, डाळी-भाज्यांची भज्जी आणि भाकरी खातं, आंबील पितं, आणि ज्याला रान नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. त्या साली ज्वारी गुडघ्याएवढीच होती. नदीकाठच्या दानम्माचं रान तेवढं विहिरीच्या पाण्यावर हिरवं होतं. दानम्मा वाण्याची विधवा. एके काळी ती पंचफुलाआक्काच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. बहात्तरला तीही खडी फोडायला आली, शेजारी बसली, दोघींच्या हातांना सारखेच फोड आले, आणि तिथून पुढं तिनं तांब्या हातात द्यायला सुरुवात केली. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

साहेबरावाला सुट्टी होती, पण तो नवीन पेपर घेऊन बसला होता. विशाखाला वह्या तपासायच्या होत्या. पंचफुलाआक्का पोरीला घेऊन निघाली तेव्हा विशाखा म्हणाली, "लांब नेऊ नका."

"लांब कुठलं? नदीच्या ह्या अंगालाच जाते," ती म्हणाली, आणि नदी ओलांडून गेली. नदीत पाणीच नव्हतं, तेव्हा हे अंग कुठं संपतं आणि ते कुठं सुरू होतं हे सांगणार कोण?

दानम्मानं कोपीपुढं बसवलं. भज्जीचा वाडगा भरून दिला, वर तेल सोडलं. आंबिलीचा पेला दिला. पंचफुलाआक्कानं आंबिलीत बोट बुडवून पोरीच्या ओठाला लावलं. पोरीनं तोंड असं वाकडं केलं की कोपीतली सगळी माणसं हसली. मग तिनं जीभ बाहेर काढून आणखी मागितली.

"हिला रानातलंच पाहिजे," दानम्मा म्हणाली. "अजून नाव ठेवलं नाही म्हणतात?"

"न्हाई. पौर्णिमेला हाय."

"माझं ऐक. दानम्मा ठेव. माझं म्हणून नको, देवीचं म्हणून ठेव. पोरीला आयुष्यात काही कमी पडायचं नाही."

पंचफुलाआक्कानं कोपीच्या मागं बघितलं. तिथं हरभऱ्याचे हिरवेगार डहाळे होते आणि एकट्या या रानात ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. पंधरा-वीस दिवसांत तिचा हुरडा होणार होता. "ठिवीन की," ती म्हणाली. "देवीला नको कोण म्हणणार?"

हुरड्याला ती दोनदा गेली.

येळवशीच्या दिवशी पोरगी घरी आल्यावर विशाखानं तिचा पापा घेतला आणि ती थांबली. पुन्हा घेतला. "आंबट लागतोय गाल," ती म्हणाली. डहाळ्यांतून फिरताना लागलेली, हरभऱ्याच्या पानांवरची आंब होती ती. पंचफुलाआक्का चुलीत तोंड घालून फुंकायला लागली. बराच वेळ फुंकत राहिली.

पोरगी पालथी पडायला लागली, बसायला लागली. उन्हाळा तापत चालला. एके दिवशी विशाखा आपण होऊन नणंदेजवळ आली. "आक्का, नाव तुम्हीच ठेवणार. पण माझ्या मनात एक होतं. उत्पला ठेवाल?"

"काय उपटलं?"

"उत्पला. कमळाचं नाव आहे."

पंचफुलाआक्कानं दोन-तीनदा म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी ते उपटलंच व्हायचं. पण विशाखानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. "ठिवीन," ती म्हणाली. "तवर जीभ वळवते."

आणि त्याच आठवड्यात एसटीतून उतरून घरी येताना साहेबरावानं बहिणीला फाट्यावरच गाठलं. "आक्का, विशाखाला बोललो नाही, पण आईचं नाव राहावं वाटतं. पार्वती. घरात पारू म्हणू." भावाचे डोळे भरले होते. आईचं नाव ऐकून तिचेही भरले. "ठिवू सायबू," ती म्हणाली, आणि त्या घडीला तिला ते अगदी खरं वाटत होतं. तसं बघितलं तर प्रत्येक वेळी ज्याला शब्द दिला, त्या वेळी तिला तो खराच वाटत होता. एवढं तिच्या बाजूनं म्हणायला पाहिजे.

चैतात ऊन बाहेर पडू देईना, म्हणून ती पहाटेची निघायला लागली. गावाच्या वरच्या अंगाला आमराई होती आणि तिथं दगडोबा राखण करायचा. म्हातारा एकटा. बायको मागंच गेलेली, लेकरू नाही. तो झाडाखाली बाजेवर बसून गोफणीनं पोपट उठवायचा. पंचफुलाआक्का पोरीला त्याच्या बाजेवर ठेवायची आणि आपण पाडाचा आंबा शोधायची. दुष्काळामुळं कैऱ्या बारक्या होत्या, निम्म्या गळून गेल्या होत्या, पण गावरान आंबा तो आंबाच.

दगडोबाला लेकराला कसं धरायचं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला अवघडून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं बोट पुढं केलं. पोरीनं ते धरलं, तोंडात घातलं आणि हिरड्यांनी कराकरा चावलं. म्हातारा अंग चोरून हसायला लागला. आठवडाभरात तो पोरीशी पोपटाची भाषा बोलायला लागला होता.

एके सकाळी तो म्हणाला, "पंचफुले, माझ्या आधी आईची चार लेकरं गेली. म्हणून माझं नाव दगडू ठिवलं. दगड काळ बी उचलत न्हाई. बघ, मी उरलो." मग जरा वेळानं खाली बघत म्हणाला, "पोरीला चांगलं आयुष्य लाभंल."

पंचफुलाआक्काच्या हातात त्या वेळी आंबा नव्हता. तोंडातही काही नव्हतं. त्या दिवशी तिला काहीच नको होतं, आणि तरी तिच्या तोंडून गेलं, "ठिवते तात्या. दगडाबाई ठिवते."

असा पाचवा शब्द गेला.

वैशाखी पौर्णिमेचा दिवस उजाडला. दारात लिंबाच्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घातले होते. नांदेडहून विशाखाचे आईवडील आले होते. सगळ्यांनी पांढरे कपडे घातले. त्रिसरण झालं, पंचशील झालं. चुलीवर खिरीचं पातेलं होतं. शेजारच्यांकडून आणलेला पाळणा आढ्याला बांधला आणि नऊ महिन्यांची, बारशाच्या मानानं थोराड झालेली ती उत्सवमूर्ती पाळण्यात उभी राहायला बघू लागली.

कोंडाबाई आली. तिनं पिशवीतून नवं झबलं काढलं आणि विशाखापुढं धरलं. छातीवर लाल दोऱ्यानं अक्षरं काढली होती. विशाखा मास्तरीणच ती. तिनं वाचलं, "कोडाबाई?"

"कोंडाबाई. टिंब द्यायचं शिंप्याच्या ध्यानात राहिलं न्हाई."

विशाखाला काही उमजलं नाही. तेवढ्यात दानम्मा पुढं झाली, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि बायांनी टाळ्यांचा ठेका धरल्यावर गायला लागली,

"नीज गं दानम्मा, नीज गं बाळे,
मळ्यात पिकले हिरवे डहाळे..."

"थांबा, थांबा," कोंडाबाई म्हणाली. "हितं दानम्मा कोण?"

"पोरगी."

"पोरगी कोंडा हाय. आत्यानं शब्द दिलाय मला."

"मला येळवशीलाच दिलाय. आंबील प्यायली आहे ती त्यावर."

साहेबराव बाहेर होता, तो आत आला. "आक्का, आईचं नाव ठरलं होतं ना?"

विशाखानं वळून नवऱ्याकडं बघितलं. "आईंचं? मला तर आक्कांनी उत्पला ठेवते म्हणून सांगितलं."

आता सगळा मांडव पंचफुलाआक्काकडं बघत होता. शब्द देताना पौर्णिमा लांब होती. ती एवढ्या लवकर येईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं दाराकडं बघितलं. निसटायला तेवढी एकच वाट होती. आणि त्या वाटेनं दगडोबा आत येत होता. डोक्यावर आंब्याची पाटी, हातात वाळक्या भोपळ्याचा, आत चिंचोके घातलेला खुळखुळा. धुतलेलं धोतर. "दगडाबाई कुठाय आमची?" तो दारातूनच म्हणाला.

कुणी तरी फिस्सकन हसलं. विशाखाच्या आईनं तोंडाला पदर लावला.

पंचफुलाआक्कानं मनाशी काही तरी ठरवलं. पदर खोचला, पाळण्याजवळ गेली, वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं "कुर्रर्र" केलं. मग हळू आवाजात बोलायला लागली. बोलली, बोलली, बोलतच राहिली. मधे एकदा श्वास घेतला. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली.

"एवढं लांब कसलं नाव हाय गं?" कोंडाबाई म्हणाली.

पंचफुलाआक्का सरळ झाली. "ठिवलं," ती म्हणाली.

"काय ठेवलं?"

"ज्याला जे सांगितलं त्ये सगळं ठिवलं. कुणाचं सोडलं न्हाई. आता ज्यानं त्यानं आपली हाक मारून बघा. पोरगी ओ देती का न्हाई?"

कोंडाबाईनं झबलं हलवून "कोंडे" म्हणून हाक मारली. पोरगी हसली. दानम्मानं टाळी वाजवून हाक मारली. पोरगी हसली. साहेबरावानं जरा लाजत "पारू" म्हटलं, तेव्हा तर तिनं दोन्ही हात वर केले. आणि दगडोबानं खुळखुळा वाजवून पोपटाच्या भाषेत "दगडे" म्हटलं तेव्हा ती पाळण्यातून बाहेरच पडायला निघाली. सगळ्यांना ओ दिली तिनं. नऊ महिन्यांच्या, पोट भरलेल्या पोरीला हसायला काय लागतं?

"बघा," पंचफुलाआक्का म्हणाली. "तिला सगळं मंजूर हाय. तुमचंच काय ते अडलंय."

आत्यानं कानात नाव सांगितलं की जमलेल्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही रीत सगळीकडं आहे. एरवी ते नुसते लाडाचे असतात, बाळाच्या पाळण्याला लागू नयेत इतके हळू. त्या दिवशी पंचफुलाआक्काच्या पाठीत जे पडले ते तसे नव्हते. दानम्मानं येळवशीची आंबील वसूल केली. कोंडाबाईनं बोरं वसूल केली. नावाशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशा चार बायांनीही हात धुऊन घेतले, कारण या आक्कानं कधी ना कधी सगळ्यांचंच काही खाल्लेलं होतं. आणि मग मधेच एक असा धपाटा बसला की मांडवाच्या बाहेर आवाज गेला. पंचफुलाआक्कानं "अगं माय" म्हणून मागं वळून बघितलं. विशाखा होती. कधी आवाज न चढवणारी, सावकाश बोलणारी विशाखा. हात तसाच वर होता.

"हा टोपड्यातल्या कुसळाचा," ती म्हणाली. "वाऱ्यानं आलेल्या." आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिचं बघून पंचफुलाआक्का हसायला लागली, आणि हसताना पाठ दुखते म्हणून पुन्हा "माय गं" करायला लागली.

दगडोबानं बुक्का घातला नाही. तो बाजूला पाटी उतरवून उभा होता. गर्दी खिरीकडं वळल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पंचफुले, माझं घेतलंस का खरं?"

"घेतलं तात्या. तुमचंच पहिलं घेतलं."

म्हातारा समाधानानं खिरीला बसला. वाढताना कोंडाबाईनं पंचफुलाआक्काला कोपऱ्यात ओढलं. "खरं सांग, पहिलं कुणाचं घेतलं?"

"तुझंच की. इचारायचं हाय का?"

दानम्मालाही तिनं तेच सांगितलं. भावालाही. विशाखानं मात्र विचारलं नाही.

शाळेच्या दाखल्यावर नाव उत्पला लागलं. ते विशाखानं स्वतः लिहिलं, त्यात कुणाला बोलायला जागा नव्हती. घरात पारू. पुढच्या वर्षी पाऊस झाला, नदीला पाणी आलं, आणि नदीच्या त्या अंगाला जायचं म्हणजे खरंच पाण्यातून जावं लागायला लागलं. पोरगी चालायला लागली, आत्याचं बोट धरून बांध तुडवायला लागली. कुठल्या रानात आपलं नाव काय ते तिला कुणी शिकवलं नाही. बोरीखाली ती कोंडा असायची, कोपीपुढं दानम्मा, आमराईत दगडू, आणि एकाही ठिकाणाहून ती रिकाम्या हातानं परत आली नाही.

मग साहेबरावाला लातूरला दोन खोल्या मिळाल्या. बिऱ्हाड हललं त्या दिवशी पंचफुलाआक्का एसटीच्या खिडकीशी उभी राहून भांडली. पोरीला सकाळचं ऊन द्या, बाहेर फिरवा, घरात कोंडू नका. एसटी गेल्यावर ती घरी गेली नाही. नदीकडं गेली, खूप फिरली, आणि संध्याकाळी दगडोबाच्या बाजेवर जाऊन बसली. दोघांपैकी कुणी फारसं बोललं नाही. त्या दिवशी तिला न बोलणारा माणूस चालला.

दोन वर्षांनी विशाखाला मुलगा झाला. या वेळी बाळंतपण लातूरलाच. बातमी कळताच पंचफुलाआक्का एसटीत बसली. खोलीत शिरल्या शिरल्या विशाखा म्हणाली, "आक्का, याचं नाव सुमेध. ठेवून झालं. कालच."

"आत्या नसताना?"

"आत्या नसताना."

पंचफुलाआक्काला राग आला. तिनं तो चहा होईपर्यंत ठेवला. चहा घेतला, बाळाला मांडीवर घेतलं, त्याचे तळवे हुंगले, आणि राग कुठं गेला ते तिलाही कळलं नाही. बाहेर थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं. नवी कॉलनी होती. घरं अर्धीच बांधलेली, मधे मोकळी रानं, पलीकडं एका गवळ्याचा गोठा.

"बाहेर फिरवून आणते जरा," ती म्हणाली.

"न्या," विशाखा म्हणाली. "पण आक्का, कुणाला शब्द द्यायचा नाही."

"न्हाई देत. आता देऊन उपेग काय?"

ती गेली ती ऊन चढल्यावर परतली. बाळ पदराखाली गाढ झोपलेलं आणि दुसऱ्या हातात कडीचा डबा. डब्यात खरवस होता, अजून गरम. विशाखानं डब्याकडं बघितलं, मग नणंदेकडं.

"कुणाला काय म्हणालात?"

"काही न्हाई गं. त्या गवळ्याची म्हैस व्यालीय. रेडकाचं नाव काय ठिवावं म्हणून त्याची बायको बेजार होती. मी ठिवून आले."

"काय ठेवलंत?"

पंचफुलाआक्कानं बाळाला हळूच गादीवर ठेवलं, त्याच्या अंगावर दुपटं ओढलं, आणि विशाखाच्या हाताच्या टप्प्यातून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"सुमेध," ती म्हणाली.